कोकण किनारा गाडीने: मराठवाड्यातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबाजोगाईत भूगोल शिकवतो आणि गेली काही वर्षं सुट्टी मिळाली की कुटुंबासह किनाऱ्यावर जातो. दिवाळी झाली की ओळखीच्यांचे, त्यांच्या पाहुण्यांचे, जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. हॉटेलांची यादी यात नाही. दगड, जनावरं आणि समुद्राचं घड्याळ यांच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे, कारण तेवढं बघायला आठ-दहा तास गाडी चालवणं मला सार्थकी वाटतं.

१. मराठवाड्यातून किनाऱ्यावर उतरायचं तर कोणत्या वाटेनं?

लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्यांनी तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटातून रत्नागिरीला उतरावं. हा रत्नागिरी–नागपूर महामार्गच आहे. लातूरहून रत्नागिरी साधारण ५०० किलोमीटर. वाटेत मिरज लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते इथूनच. आमच्या गाडीत तिथून जाताना कुणीतरी ती आठवण काढतंच.

संभाजीनगर आणि जालन्याहून अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव अशी वाट सोयीची. श्रीवर्धन साधारण ४०० किलोमीटर पडतं. बीडकरांना दोन्ही वाटा जमतात. शिवाय कराडहून कुंभार्ली घाटानं थेट चिपळूणला उतरता येतं.

एका दिवसात समुद्र गाठायची घाई करू नका. कोल्हापूर किंवा पुण्यात मुक्काम करा आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात उतरा. ताम्हिणीत नि आंब्यात जे बघायचं असतं ते अंधारात निघून जातं, आणि दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसानं रात्री घाट उतरू नये.

२. किती दिवस लागतील? सगळा किनारा एका फेरीत होतो का?

गाडीनं होतो, पण बघून होत नाही. पहिल्यांदा जात असाल तर निम्माच किनारा घ्या. उत्तरेचा भाग म्हणजे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, रत्नागिरी. दक्षिणेचा म्हणजे रत्नागिरी, कशेळी, जैतापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला. येण्याजाण्याचे दोन-दोन दिवस सोडून मध्ये चार दिवस हवेत. कासवं बघायची असतील तर उत्तरेचा भाग निवडा, कातळशिल्पं आणि पांढरी वाळू हवी असेल तर दक्षिणेचा.

३. कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात. मला स्वतःला दोन वेळा फार आवडतात. पहिली येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, झाल्यावरची. शेतात भज्जी-आंबील झाली, पाहुणे गेले, की दुसऱ्या दिवशी निघायचं. दुसरी गुढीपाडव्यानंतरची. तेव्हा उकडतं, पण वेळास-आंजर्ल्याला कासवाची पिल्लं बाहेर येत असतात. आणि दोन्ही वेळा अमावास्येनंतरचे दिवस असतात. त्याचा फायदा प्रश्न ४ मध्ये कळेल.

दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबर टाळा. होळीच्या दिवसांत कोकणात शिमगा असतो, गावोगाव पालख्या निघतात आणि मुंबईची माणसं गावी येतात. पालखी बघायची असेल तर जरूर जा, पण मुक्काम आधी ठरवून जा. पावसाळ्याचं प्रश्न १३ मध्ये आहे.

४. भरती-ओहोटी म्हणजे नेमकं काय बघायचं? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

हे आधी शिका, बाकीचं मागाहून. आपल्याकडे तळ्याचं पाणी वर्षातून एकदा चढतं नि एकदा उतरतं. समुद्राचं दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. जो खडक सकाळी चालायला मोकळा असतो, त्यावर दुपारी पुरुषभर पाणी असू शकतं.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे आणि त्याला घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, तिथीची पाऊणपट त्यातूनच आली. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून जागेवर गेल्यावर कोळ्यांना किंवा घरमालकांना विचाराच.

दुसरी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी. द्वितीया-तृतीयेला उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी येते सकाळी साडेसात-साडेआठला. ऊन चढायच्या आत खडक सर्वात जास्त उघडे. येळवशीनंतर आणि पाडव्यानंतर निघा म्हणतो ते यासाठी.

माझा एक अनुभव सांगतो. एका मुक्कामी आम्हाला सांगितलं होतं, "कधीही जा, वाट चालूच असते." आम्ही दोन घरची माणसं दुपारी खडकांवर गेलो, कॅलेंडर उघडून बघितलं नाही. परतताना वाटेच्या सखल भागात पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि लाट मागे जाताना भावाच्या मुलीचा पाय ओढत होती. चौघांनी हाताला हात धरून लेकरं बाहेर काढली. तेव्हापासून तिथी बघितल्याशिवाय मी खडकावर पाय ठेवत नाही.

५. काळा दगड तर आपल्याकडेही आहे. तो बघायला समुद्रापर्यंत कशाला जायचं?

हा प्रश्न कुणी विचारला की मला आनंद होतो. होय, दगड तोच आहे. वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलं, आमच्या अंबाजोगाईचं हत्तीखाना लेणं ज्यात कोरलं, आणि आपली काळी कापसाची जमीन ज्याच्या झिजेतून झाली, तो बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला. असे थर एकावर एक साचले. बालाघाटाचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळे.

हे थर सगळीकडे सारखे जाड नाहीत. सह्याद्रीत ते दोन किलोमीटरच्याही वर आहेत आणि पूर्वेकडे पातळ होत येतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा साधारण ३४० मीटरवर बेसाल्ट संपला आणि थोड्या गाळाच्या थराखाली फार जुना खडक लागला. आणखी पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, तो जुना ग्रॅनाइट जमिनीवरच उघडा आहे. तिथे लाव्ह्याच्या चादरीची एक कड संपते.

पश्चिमेला ही चादर सह्याद्रीच्या कड्यावर तुटलेली दिसते, खाली कोकणात पुन्हा भेटते आणि समुद्रात शिरते. आपल्याकडे या दगडाला ऊन आणि थोडा पाऊस फोडतात, म्हणून त्याची काळी माती होते. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस त्यातलं बरंचसं धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात आणि लाल, सच्छिद्र जांभा तयार होतो. किनाऱ्यावर लाटा आणि मीठ त्याच काळ्या दगडाला तिसऱ्याच तऱ्हेनं कोरतात. एकाच आईची तीन लेकरं तीन घरी वाढली तर कशी वेगळी होतील, तसं.

६. मग दगड बघायला नेमकं कुठे थांबायचं?

हरिहरेश्वर पहिलं. देवळामागून डोंगराच्या चिंचोळ्या खाचेतून पायऱ्या उतरल्या की प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या सपाट खडकावर येते. लाटांनी डोंगराचा पाय कापत नेला आणि हा ओटा मागे राहिला. भिंतीकडे नीट बघा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटतो. ही वाट फक्त ओहोटीला, पाणी उतरत असतानाच धरायची. इथे माणसं वाहून गेली आहेत. प्रश्न ४ वाचल्याशिवाय जाऊ नका.

हेदवीची बामणघळ उलटी, ती भरतीला बघायची. उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद घळ आहे. लाट तिच्यात घुसली की कोंडलेलं पाणी मोठा आवाज करत उंच उडतं. कडेला जाऊ नका, लांबून पुरेसं दिसतं. खडक तिथे शेवाळानं निसरडा असतो.

कोल्हापूरमार्गे जाणाऱ्यांनी पन्हाळा तालुक्यातलं बांदिवडे वाकडी वाट करून बघावं. लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि त्याचे पहलदार खांब झाले, ते तिथे उभे दिसतात.

गरम पाण्याचे झरे हवे असतील तर दापोलीजवळ उन्हवरे आणि महामार्गालगत आरवली, तुरळ. हे झरे किनाऱ्याला समांतर ओळीत आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. जिवंत ज्वालामुखीशी त्याचा काही संबंध नाही, हा खुलासा मला दरवर्षी करावा लागतो.

७. कातळशिल्पं सापडत नाहीत असं ऐकलंय. कुठली बघावीत?

रत्नागिरी-राजापूर भागात जांभ्याचे उघडे सडे आहेत. इतिहासपूर्व काळातल्या माणसांनी त्या सपाट दगडावर हत्ती, मासे, माणसं आणि अजून न उलगडलेल्या आकृत्या कोरल्या. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी ही महाराष्ट्रातली आठ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

एकच बघायचं असेल तर कशेळीचा हत्ती. तो इतका मोठा आहे की जवळ उभं राहून कळतच नाही. त्याच्या पोटात लहान प्राण्यांची, माशांची कितीतरी चित्रं आहेत. देवाचे गोठणे इथे होकायंत्र घेऊन जा, शिल्पाजवळ सुई दिशा चुकते. लेकरांना ते फार आवडतं.

सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. ऊन तिरपं असलं की कोरलेल्या रेघांत सावली पडते. भर दुपारी काहीच दिसत नाही, आणि "तिथे काही नाही" म्हणणारे बहुतेक बाराला गेलेले असतात. शिल्पावर चालू नका, फोटोसाठी खडूनं रेघा भरू नका. गावातलं कुणी सोबत घ्या, चार पैसे द्या. बऱ्याच जागा खासगी जमिनीत आहेत.

८. कासवं खरंच दिसतात का? वेळासला कधी जायचं?

पिल्लं दिसतात, बहुधा फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि जाते. परत ती त्यांच्याकडे बघत नाही. ओडिशात गहिरमाथा-ऋषिकुल्याला हजारो माद्या एकदम येतात, कोकणात एकेकटी येते. पूर्वी ही अंडी माणसं, कोल्हे, कुत्री काढून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये वेळासच्या गावकऱ्यांना घेऊन घरटी वाचवायला सुरुवात केली. आता वनविभाग आणि गावोगावचे कासवमित्र ते काम करतात. सापडलेली अंडी कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरतात. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात. वाळू किती तापली यावर नर की मादी ते ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त.

सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी पिल्लांना समुद्रापासून थोड्या अंतरावर सोडतात. ती स्वतः चालत जातात. दोरीच्या मागे उभं राहा, फ्लॅश मारू नका आणि हातात घ्यायचा हट्ट लेकरांना करू देऊ नका. मोठं झाल्यावर माद्या ज्या किनारपट्टीवर जन्मल्या तिच्याकडे अंडी घालायला येतात असं मानलं जातं. पण २०२१ मध्ये ओडिशात खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालून गेली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा! हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलानं नकाशावर बोट फिरवून बघितलं, आणि मग पुन्हा फिरवलं.

९. दोन दिवस थांबलो आणि एकही पिल्लू आलं नाही. पैसे परत मागावेत का?

नाही. तुम्ही राहण्या-जेवणाचे पैसे दिलेत. पिल्लू कधी वर येईल ते कुणाच्या हातात नसतं. निघण्याआधी फोन करून सध्या घरटी फुटताहेत का ते विचारा, दोन रात्री ठेवा आणि दोन सकाळी, दोन संध्याकाळी वाळूवर जा. गावाला पाहुण्यांचे चार पैसे मिळतात, म्हणून अंडी वाळूत राहतात.

१०. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री फिरताना मोठी मादीच समोर आली तर?

तिथेच थांबा, बॅटरी आणि मोबाइल बंद करा, बोलू नका. उजेड दिसला की ती अंडी न घालताच परत फिरते. ती समुद्रात गेल्यावर गावातल्या कासवमित्राला किंवा वनरक्षकाला जागा सांगा. घरटं स्वतः उकरू नका. कायद्यानं या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण आहे.

११. कासवांशिवाय काय दिसेल?

जायकवाडीला हिवाळी पक्षी बघायची सवय असेल तर किनाऱ्यावर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे वाळूवर बसलेले असतात. त्यांच्यात गाडी किंवा लेकरं पळवून थवा उडवणं सोडा, ती फार लांबून आलेली असतात. वेळासजवळ समुद्रगरुड दिसतो. संगमेश्वर-चिपळूणच्या झाडीत ककणेर, म्हणजे धनेश. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, होडीतून दाखवतात. दापोलीजवळच्या मुरूडला आणि मालवणकडे सकाळी डॉल्फिन. होडीवाल्याला आधीच सांगा की पाठलाग नको, इंजिन बंद करून थांबू.

फुकट दिसणारी गोष्ट मात्र खाडीच्या चिखलात आहे. ओहोटीला कांदळवनाच्या कडेला शांत उभं राहा. निवटी नावाचा मासा पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत चालतो. वाळूवर बारीक खेकडे गोळ्या करून रांगोळी घालतात. आमच्या आईनं देवळं सोडून अर्धा तास तीच बघितली.

१२. खाडी आली की रस्ता संपतो म्हणतात. गाडी पलीकडे कशी न्यायची?

जंगलजेट्टीनं. बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेऱ्यांत गाडीसकट होडीत चढायचं असतं. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि खाली उतरून खाडी बघा. रात्री फेऱ्या बंद होतात. शेवटची वेळ विचारून ठेवा, चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो. रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल आहेत.

पेट्रोल माणगाव, दापोली, गुहागर, रत्नागिरी अशा मोठ्या गावांतच भरा. आणि गाडी वाळूवर उतरवू नका. चाकं रुततात, भरती वाट बघत नाही, आणि चाकाखाली घरटं असू शकतं.

१३. पावसाळ्यात गेलं तर?

घाट आणि धबधबे बघायला जा, समुद्रासाठी नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पर्यटकांच्या होड्याही थांबतात. घाटात दरडी कोसळतात. सप्टेंबरअखेर सड्यांवर रानफुलं असतात, ती वेळ अपवाद म्हणून धरा.

१४. आम्हाला विहिरीत पोहता येतं. समुद्रात काय अडचण?

विहीर तुम्हाला ओढत नाही. समुद्रात लाटांचं परत जाणारं पाणी एखाद्या पट्ट्यात जोरानं आत ओढतं, आणि तो पट्टा वरून शांतच दिसतो. आपल्या भागातली पट्टीची पोहणारी पोरं यातच जातात. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, हा नियम आमच्या गाडीत मोठ्यांनाही लागू आहे. कधी ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या.

१५. आम्ही माळकरी आहोत. जेवणाचं कसं?

काही अडचण येत नाही. घरगुती खानावळीत आधी सांगितलं की वेगळं करतात. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी, उकडीचे मोदक मिळतात. ज्वारीची भाकरी मिळणार नाही, दोन दिवसांच्या दशम्या-धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. घाटात लेकरांना मळमळतं, आलेपाक हाताशी ठेवा.

१६. शंख, प्रवाळ, छान दगड घरी आणले तर चालतील का?

प्रवाळ अजिबात नाही, तो कायद्यानं संरक्षित आहे. काही शंखही त्यात येतात आणि विकणारा ते सांगत नाही. रिकाम्या शंखात खेकडे घर करतात. कातळशिल्पांच्या सड्यावरचा खडाही उचलू नका. फोटो काढा आणि जागेचं नाव वहीत लिहा.

१७. आम्ही देगलूरचे. प्रश्न ५ मधली कड आमच्याकडे आहे म्हणता, मग दुसरी कड किनाऱ्यावर दिसते का?

दिसते, आणि हा प्रश्न फक्त एकदाच आला असला तरी तो इथे घेतला, कारण माझ्या मते सर्वांत सुंदर फेरी हीच आहे. रत्नागिरी शहरात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशा नावांचे दोन किनारे आहेत. बेसाल्टमधले जड, काळे लोहखनिजाचे कण जिथे साचतात तिथे वाळू काळी दिसते. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे जाल तसतशी ती उजळत जाते. तिथे लाव्ह्याची चादर संपत येते आणि तिच्या खालचे जुने वालुकाश्म आणि क्वार्टझाइट उघडे पडतात. पांढरी वाळू त्यांच्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची. त्याच पाण्यात मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ मध्ये जाहीर झालेलं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ आहे.

देगलूरहून निघताना घराजवळचा ग्रॅनाइट हात लावून बघा. मग दोन दिवस काळ्या दगडावरून गाडी चालवा. मालवणच्या वाळूत बसून मूठभर वाळू तळहातावर पसरा आणि भिंग लावून काळे कण मोजा. हरिहरेश्वरला ते मोजवत नाहीत, इथे बोटांवर मोजता येतात.